खोली गार, तार गरम

माझ्या थोरल्या दिरांनी जगातली एकही गोष्ट तापमान विचारल्याशिवाय खरी मानलेली नाही. सूर्य पूर्वेला उगवतो हे त्यांना मान्य आहे, पण तेही त्या वेळी हवा जरा गार असते म्हणून, असा माझा संशय आहे. कुणी त्यांना सांगितलं, "दादा, आंबा गोड निघाला," की ते विचारणार, "फ्रिजमधला की बाहेरचा?" कुणी म्हणालं, "दादा, आज वजन केलं, दोन किलो वाढलं," की वजनकाटा उन्हात होता की सावलीत, याची चौकशी सुरू. इतर माणसांच्या शर्टाच्या खिशात पेन असतं, दादांच्या खिशात पितळी नळीतला थर्मामीटर असतो. लग्नात आहेराचं पाकीट आणि तो थर्मामीटर एकाच खिशात असल्यामुळे एका नवरदेवाला पाकिटाऐवजी थर्मामीटर मिळाला होता. त्यानं तो भटजींना दाखवला आणि भटजींनी त्यावर अक्षता टाकल्या.

मी स्वतः पूर्णा गावातल्या एका गोदामाचं ऑफिस सांभाळते. कुठल्या रॅकवर कुठला माल, कुठल्या टेम्पोत काय गेलं, याच्या याद्या करण्यात माझा दिवस जातो, आणि घरी आल्यावर तीच सवय फ्रिजच्या दारावर चिकटते. किराणा, इस्त्रीचे कपडे, कुणाचा वाढदिवस, गॅसचा नंबर, सगळ्याच्या वेगवेगळ्या याद्या. आमचं घर दुमजली, वर आम्ही आणि खाली दादा-वहिनी. दादा वर चहाला आले की आधी फ्रिजपुढे उभे राहून माझ्या याद्या वाचतात आणि पेन्सिलीनं शेजारी शेरे मारतात. 'तूप' यापुढे 'थिजलेलं की पातळ? मापात फरक पडतो.' 'पेट्रोल' यापुढे 'सकाळी भरावे.' शेवटी मी कंटाळून प्रत्येक यादीला उजवीकडे एक कोरा रकाना ठेवायला लागले आणि त्यावर 'दादा' असं लिहिलं. माणूस सुधारत नसेल तर त्याला जागा करून द्यावी, हे मी गोदामात शिकले.

या वेडाचं मूळ त्यांच्या धंद्यात आहे, तेव्हा तो थोडक्यात सांगते. कारखान्यात येणारी मोठी वीज थेट मीटरमध्ये सोडली तर मीटरचा कोळसा होईल. म्हणून मध्ये एक ट्रान्सफॉर्मर बसवतात. तो मोठ्या प्रवाहाची ठरलेल्या प्रमाणात लहान नक्कल करून मीटरला देतो. त्याला करंट ट्रान्सफॉर्मर, म्हणजेच सीटी म्हणतात. दिसायला ती जाडजूड बांगडीसारखी, आत तांब्याच्या तारेचे वेढे. आता नक्कल म्हटली की थोडी चूक आली, आणि ती चूक किती, हे तपासून दाखला देणं हे दादांचं काम. नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्याच जागेतल्या मागच्या गाळ्यात स्वतःची लॅब काढली. आजूबाजूला पत्र्याची गोदामं, मध्ये दादांची ती एक एसी खोली. कारण गोम अशी, की तांब्याची तार तापली की विजेला जास्त अडवते, आणि मग सीटीची नक्कल बिघडते. केसाएवढीच बिघडते, पण दादांचा सगळा संसार त्या केसावर उभा आहे. "सीटी खोटं बोलत नाही," ते सांगतात. "तापली की चुकतं तिचं. म्हणून तिला आधी शांत करायची, मग विचारायचं."

शांत करायची म्हणजे गार खोलीत तासन्‌तास नुसती ठेवून द्यायची. याला दादा 'मुरवणं' म्हणतात. हा शब्द त्यांनी वहिनींच्या लोणच्याच्या बरणीवरून उचलला, आणि आता त्यांच्या लॅबमध्ये येणारे सगळे वायरमन, अगदी उत्तर प्रदेशातले सुद्धा, "सर, मुरी क्या?" असं विचारतात. एकदा नारपोलीचे एक लूमवाले शेठ भर मे महिन्यात टेम्पोतून सीटी घेऊन आले. तव्यासारखी तापलेली. दादांनी तिला हात लावला आणि म्हणाले, "कल आना."

"कल? अरे साब, मशीन पे लगाओ, पास लिखो, मेरा लूम बंद पडा है."

"अभी गरम है. रातभर एसी में रहेगी."

शेठनी कपाळाला हात लावला. "साब, ये ट्रान्सफॉर्मर है के दामाद?"

"दामाद को तो मैं पंखे में सुलाता हूँ," दादा गंभीरपणे म्हणाले. आणि ते खरं होतं. त्यांचा जावई आमच्याकडे मे महिन्यात यायचं टाळतो.

नव्या वायरमन लोकांना ते कधीकधी लॅबमध्ये बसवून शिकवतात. त्यांच्या टिपणांचं टायपिंग माझ्याकडे असतं, त्यामुळे मलाही ते सगळं पाठ झालंय. थर्मामीटर दाराशी टांगू नये, वस्तूच्या जवळ ठेवावा. खोली गार झाली म्हणून आतली तार गार झाली असं समजू नये, कारण बाहेरचं जाड आवरण उष्णता धरून ठेवतं. आणि आत तर थर्मामीटर घालता येत नाही, मग आतलं कसं कळायचं? "तारेलाच विचारायचं," दादा बोट वर करून सांगतात. "तिचा विरोध मोजा, ती स्वतः सांगते किती तापलीय. हवेला विचारून उपयोग नाही." हे सांगताना त्यांचा चेहरा असा होतो, की कीर्तनाला बसल्यासारखं वाटावं.

हे शास्त्र लॅबमध्ये ठेवून दार लावलं असतं तर काही बिघडलं नसतं. दादा ते घरभर घेऊन फिरतात. चहा गोड आहे का, हे ते कपातली वाफ गेल्याशिवाय सांगत नाहीत, तोपर्यंत बाकीच्यांचे कप विसळून झालेले असतात. सुतार खिडकीचं माप घ्यायला आला तर त्याची लोखंडी टेप आधी अर्धा तास सावलीत ठेवायला लावली. सुतार परत आला नाही, खिडकीला अजून पडदाच आहे. आमच्याकडच्या हळदी म्हणजे बँजो, गर्दी, हजार माणसांचं जेवण. अशा एका हळदीत दोन व्याही मानपानावरून भिडले, तर दादा मांडवाच्या खांबाला थर्मामीटर लावून मध्ये उभे राहिले. "ह्या मांडवात कुणीही काहीही ठरवायचं नाही. इथलं एकही वाक्य धरण्यालायक नाही." हसू इतकं पिकलं की भांडण मिटलं. तेव्हापासून गावात कुठे तंटा झाला की लोक दादांना थर्मामीटरसकट बोलावतात. भांडणात माणूस बोलतो ते तापलेल्या सीटीचं रीडिंग, ते टिपून ठेवू नये, हा त्यांचा नियम. मला विचाराल तर नियम चांगला आहे. मी स्वतः माझ्या नवऱ्याशी भांडताना तो अनेकदा वापरलाय.

पण या नियमाचा रोजचा भार पडला तो वहिनींवर. त्या गणेशपुरीजवळच्या, भातशेतीवाल्या घरातल्या. अंगानं भक्कम, बोलायला ठणठणीत, आणि उन्हाळ्याचा त्रास इतका, की मार्चपासूनच त्यांच्या पाठीवर घामोळं फुलतं. भाकऱ्या थापता थापता त्या आतून ओरडायच्या, "जीव चालला माझा उकाड्यानं!" मग दादा दिवाणखान्यात पंख्याखाली, सोफ्याच्या वर टांगलेल्या थर्मामीटरकडे बघून उत्तर द्यायचे, "बत्तीस आहे गं. एवढं काही नाही." हे संभाषण मी वर्षानुवर्षं जिन्यावरून ऐकत आले. सगळ्या उन्हाळ्याचा निकाल त्या सोफ्यावरच्या थर्मामीटरनं लागायचा. वहिनींच्या वाट्याला गारवा म्हणून एकच गोष्ट होती, बेडरूममधला एसी. दुपारची भांडी आवरली की त्या तिथे जाऊन आडव्या व्हायच्या आणि तास-दीड तास त्यांना कुणी हाक मारलेली चालायची नाही.

गेल्या मे महिन्यात लॅबचा एसी बंद पडला. मेकॅनिक म्हणाला, पार्ट यायला वेळ लागेल. टेबलावर सीटी रांगेत मुरायला बसलेल्या, नारपोलीचे शेठ फोनवर फोन करतायत, आणि दादा पिंजऱ्यातल्या वाघासारखे लॅबमध्ये फेऱ्या मारतायत. मग त्यांना जे सुचलं ते फक्त त्यांनाच सुचू शकतं. वहिनी स्वयंपाकघरात वर्षाचा मसाला भाजत होत्या, तेवढ्यात दादांनी दोन माणसं बोलावून बेडरूमचा एसी उतरवला आणि लॅबमध्ये नेऊन लावला. दुपारी वहिनी आडव्या व्हायला गेल्या तर भिंतीत भोक, आणि त्यातून समोरच्या गोदामातला फोर्कलिफ्ट दिसतोय.

वरच्या मजल्यावर मला सगळं ऐकू येत होतं. लग्नासाठी शिवायला टाकायच्या कपड्यांची यादी हातात तशीच राहिली.

"एसी कुठं हाय?"

"लॅबमध्ये. थोडे दिवसच. पार्ट आला की लगेच परत लावतो."

"म्हंजे त्या लोखंडाच्या बांगड्या गारव्यात निजणार न मी घामात?"

इथे दादांनी गप्प बसायला हवं होतं. पण त्यांना वाटलं, समजावून सांगितलं की पटेल. "अगं, तसं नाही. त्या नाजूक आहेत. पॉइंट टू क्लासच्या, जरा तापल्या की बिघडतात. तुझं तसं नाही. तू काहीही सहन करतेस. तू क्लास पाच आहेस."

आता, बाहेरच्या माणसाला यात कौतुकच दिसेल. दादांनी ते कौतुक म्हणूनच म्हटलं होतं, हे मी शपथेवर सांगीन. पण वहिनींनी त्यांच्याबरोबर जन्म काढलाय. क्लास पाच म्हणजे ज्याची चूक पाच टक्क्यांपर्यंत गेली तरी कुणी विचारत नाही, ज्याला दादा लॅबच्या दाराशी ठेवतात आणि एसीत घेत नाहीत, तो ठोकळा माल, हे त्यांना नीट माहीत होतं. मग खाली कपाट उघडल्याचा आवाज, बॅगेची चेन, आणि वहिनींचा आवाज, अजिबात न चढवलेला. "मी भावाकडं चालली. आता येयाची न्हाय."

मी धावत खाली आले तोवर त्या गणेशपुरीच्या एसटीसाठी रिक्षात बसल्या होत्या. दादा दारात थर्मामीटर हातात घेऊन उभे. "चाळीस आहे," ते मला म्हणाले. "चाळीसला बोललेलं धरायचं नसतं. मुरेल आणि येईल."

त्या आल्या नाहीत. दादा रोज मेहुण्याला फोन करायचे आणि पहिला प्रश्न, "तिथं आज किती आहे?" तो बिचारा सांगायचा, "झाडाखाली गार हाय, दाजी." "मग झालं," म्हणून दादा फोन ठेवायचे. बायको फोनवर येत नाही, हे त्यांच्या हिशेबात कुठे बसतच नव्हतं. जेवायला वर बोलावलं तर येईनात, खाली दूध-पाव खाऊन लॅबमध्ये जात. त्यांनी शर्ट उलटा घातलेला मी एकदा पाहिला. खिसा आतल्या बाजूला गेलेला, म्हणून थर्मामीटर हातात धरून फिरत होते. हसू आलं, पण टिकलं नाही. माझ्या याद्यांपुढचा दादांचा रकाना कोरा राहायला लागला. तेव्हा मला कळलं, की प्रकरण साधं नाही. वहिनी खरंच परतल्या नाहीत तर हा माणूस त्या पंख्याखाली बसून नुसता आकडे वाचत म्हातारा होईल.

मी कामाची बाई आहे, रडत बसणं मला जमत नाही. रविवारी सकाळी तांदळाचं पीठ, परात आणि तवा घेऊन खाली उतरले आणि त्यांच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापायला घेतल्या. दादा सोफ्यावर.

"दादा, तुमच्या टिपणात पहिलं काय आहे हो? थर्मामीटर कुठे ठेवायचा?"

"वस्तूच्या जवळ," ते न बघता म्हणाले.

"मग हा सोफा भाकऱ्या थापतो का?"

त्यांनी मान वर केली. मी तव्यावरची भाकरी उलटली. ते उठले, भिंतीवरचा थर्मामीटर काढला आणि आत येऊन ओट्याजवळच्या खिळ्याला अडकवला, जिथे वहिनी उभ्या राहतात तिथे, त्यांच्या खांद्याच्या उंचीला. पारा चढत होता. त्यांनी खिशातला काढला, तोही लावला. मग लॅबमध्ये जाऊन तिसरा आणला. दादांचे तीन थर्मामीटर आजवर कधी एकमतानं बोललेले नाहीत, त्यावर त्यांची कायमची कुरकुर असते. त्या दिवशी तिघांनी एकच आकडा दाखवला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. दादांनी मोठ्यानं वाचलाही नाही.

"इतकी वर्षं," ते म्हणाले, "मी दाराशी टांगला होता."

"आणि वहिनी झाडाखाली गार असतील म्हणता, ते हवेला विचारून म्हणता. तुम्हीच सांगता ना, आतलं तारेला विचारायचं म्हणून?"

दादांनी त्या तीन थर्मामीटरकडे पुन्हा एकदा पाहिलं. घामानं त्यांचा चष्मा घसरत होता. मग बाहेर जाऊन त्यांनी नारपोलीच्या शेठना फोन लावला. "शेठ, लॅब बंद. एसी ठीक होने तक." पलीकडून आरडाओरडा झाला असणार. दादा म्हणाले, "जो सुनाना है सुनाओ. आप भी अभी गरम हो." त्याच दिवशी एसी परत बेडरूमच्या भिंतीत गेला आणि दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून, दादांना शेजारी बसवून गणेशपुरीकडे गाडी काढली.

वहिनी भावाच्या ओट्यावर लोणच्याच्या कैऱ्या फोडत बसल्या होत्या. आम्हाला बघून त्यांनी विळी थांबवली नाही. मला म्हणाल्या, "ये बाय, बस." दादांकडे न बघता म्हणाल्या, "न तुमी? किती हाय आज इथं, मोजलंत का?"

दादांचा हात सवयीनं खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. थर्मामीटर घरी, स्वयंपाकघरातल्या खिळ्याला राहिला होता.

"आणला न्हाय," दादा म्हणाले. एरवी पुस्तकी बोलणारे दादा सासुरवाडीत आले की त्यांची मूळ भाषा वर येते.

"मग तुमाला कसं कलंल?"

"तुलाच इचारतू. आतून कशी हायस?"

विळी थांबली. वहिनींनी पहिल्यांदा वर पाहिलं. "तापलेलीच हाय अजून."

"किती येळ लागंल?"

"ते काय सांगता न्हाय येत."

"थांबतू," दादा म्हणाले आणि ओट्याच्या पायरीवर बसले. थोड्या वेळानं एक कैरी उचलून पुसायला लागले. "एसी परत लावला," ते कैरीला सांगितल्यासारखं म्हणाले. "न त्या क्लासचा बोललू ना, त्यात तुझी चूक नवती. मोजणाराच यंत्र खराब होता."

"कंचा यंत्र?"

"मी."

वहिनी हसल्या नाहीत. पण पाट त्यांच्याकडे सरकवत म्हणाल्या, "पायरी तापली असंल. पाटावर बसा." मी गाडीची किल्ली उचलली आणि माझ्या त्या दिवसाच्या यादीतलं 'दोघांना घेऊन परत येणे' यावर काट मारली. ते काम माझं नव्हतं. दादा तिथेच राहिले. काही दिवसांनी दोघं एसटीनं आली, आणि दादांच्या मांडीवर लोणच्याची बरणी होती. ती उन्हाच्या बाजूला होती की सावलीच्या, हे त्यांनी पाहिलं नव्हतं असं वहिनी सांगतात. माझा विश्वास नाही, पण सोडून देते.

लॅब पुन्हा सुरू झाली. शेठ पुन्हा ओरडायला लागले. दादा अजूनही चहाची वाफ जाईपर्यंत थांबतात, मांडवांत उभे राहतात आणि माझ्या याद्यांवर शेरे मारतात. त्यांची पेन्सिलीची अक्षरं आता वाकडी येतात. त्यांची मोठी गिऱ्हाइकं हळूहळू शहरातल्या मोठ्या लॅबकडे वळलीत, तिथे सगळं यंत्रावर आपोआप होतं. टेबलावर मुरायला बसलेल्या सीटी कमी झाल्यात. सोफ्याच्या वरची भिंत मात्र रिकामीच आहे.

परवा वाटीभर साखर मागायला खाली गेले. भर दुपार, तवा तापलेला, वहिनी भाकऱ्या थापत होत्या, आणि दादा स्वयंपाकघराच्या आत, भिंतीला टेकून, हात बांधून उभे. पंखा बाहेर दिवाणखान्यात नुसता फिरत होता. त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

"आवो, बाहेर जा ना पंख्याखाली," वहिनी न वळता म्हणाल्या. "हितं उभं राहून काय करताव?"

"मुरतोय," दादा म्हणाले.

मी साखर न मागताच जिन्याकडे वळले. जाताना पाहिलं, वहिनींनी हात पुढे करून गॅस थोडा बारीक केला.